क्लिपा नकोत, पूर्ण चाळीस मिनिटं दाखवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा १५ वर्षांचा, जुळे सोलापुरातून सायकलवर सरावाला जातो आणि रात्री एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या, क्लिपा बघत झोपतो. त्याचे सर म्हणतात, ते बंद कर, देशादेशांच्या स्पर्धा बघ. तुमचं म्हणणं, अमेरिकेच्या टीममध्ये तरी सगळे एनबीएचेच असतात, मग यात फरक कसला? आणि सगळे एनबीएचे असूनही २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये ती टीम चौथी कशी आली?

सरांचं बरोबर आहे. मी सत्तावीस वर्षं सोलापुरात पोरांना बास्केटबॉल शिकवतोय आणि जवळपास तेवढीच वर्षं स्पर्धांमध्ये टेबलावर बसून स्कोअरशीट भरतोय. शिट्टी गळ्यात असताना जे दिसत नाही ते टेबलावरून दिसतं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

काही वर्षांपूर्वीचा १७ वर्षांखालील आंतरशालेय सामना. शेवटचं मिनिट, आमची टीम एका पॉइंटने मागे. आमचा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणून खेळ रचणारा पोरगा, कोपऱ्यात दोघांच्या कचाट्यात सापडला. बॉल पोटाशी घेऊन तो खाली बसला आणि जोरात ओरडला, "टाइमआउट!" एनबीएत हे चालतं. खेळाडूच्या हातात बॉल असला की तो स्वतः टाइमआउट मागू शकतो. पण आपल्याकडे शाळेपासून राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत खेळ चालतो फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांवर. तिथे टाइमआउट मागायचा कोचने किंवा त्याच्या असिस्टंटने, तोही टेबलाकडे येऊन. आणि मिळणार बॉल डेड झाल्यावर, म्हणजे शिट्टी वाजून खेळ थांबल्यावर, नाहीतर आपल्यावर बास्केट पडल्यावर. पोरगा ओरडत राहिला, तेवढ्यात समोरच्याचा हात बॉलवर घट्ट बसला, रेफ्रीने दोन्ही अंगठे वर केले. हेल्ड बॉल, म्हणजे बॉल दोघांच्याही हातात अडकलेला. एनबीएत इथे रेफ्री दोघांच्या मधे बॉल वर उडवतो, उडी मारून जो आपल्या टीमकडे मारेल त्याचा. फिबात सामन्याच्या सुरुवातीला एकदाच उडवायचं, त्यानंतर टेबलावरचा बाण ज्या दिशेला, त्या टीमचा बॉल. आमचा बाण म्हणजे चपलेच्या खोक्याचा पुठ्ठा, एका बाजूने लाल खडूने रंगवलेला. तो दुसऱ्या बाजूला तोंड करून पडला होता. सामना गेला.

पोरगा नंतर माझ्याकडे आला, डोळे लाल. "सर, टीव्हीवर तर देतात की!" त्याला काय सांगणार? त्याने एनबीए शेकडो तास बघितली होती, आणि स्वतः ज्या नियमांनी खेळतो तो खेळ एकदाही पूर्ण बघितला नव्हता.

बारीकसारीक फरक तुम्ही स्वतःही पाठ करू शकाल. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा, फिबाचा ४०. तिथे सहाव्या फाऊलला बाहेर, इथे पाचव्याला. तिथली थ्री पॉइंटची रेघ ७.२४ मीटरवर, इथली ६.७५. इथे बॉल एकदा रिंगला लागला की कोणीही तो काढू शकतो. एनबीएत तो रिंगच्या वर घुटमळत असताना हात लावला की नियमभंग. हे सगळं एका रविवारी समजावता येतं.

एक फरक मात्र एका रविवारी समजत नाही. एनबीएत बचाव करणारा खेळाडू समोर कोणाला न धरता रिंगखालच्या रंगवलेल्या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त उभा राहू शकत नाही. फिबात बचाव करणाऱ्यावर असं बंधन नाही. सात फुटी माणूस रिंगखाली हात पसरून सगळा सामना उभा राहिला तरी रेफ्री काही बोलणार नाही. म्हणून क्लिपांमध्ये जे दिसतं, एकाने ड्रिबल करत दोघांना चकवलं आणि मोकळ्या रस्त्याने आत शिरून डंक केला, तो मोकळा रस्ताच देशांच्या सामन्यांत क्वचित मिळतो. रस्ता तयार करावा लागतो. स्क्रीन लावायची, म्हणजे बचाव करणाऱ्याच्या वाटेत आपला माणूस उभा करायचा, बॉल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झटपट फिरवायचा, कोपऱ्यातल्या माणसाने कोपऱ्यातच थांबायचं, म्हणजे बचावाला पसरावं लागतं. त्या कोपऱ्यात थ्री पॉइंटची रेघ आणि बाहेरची रेघ यांच्यात जागा असते फक्त ९० सेंटिमीटर. तेवढ्यात दोन्ही पाय ठेवून, बॉलची वाट बघत, कदाचित सलग चार वेळा बॉल न मिळता उभं राहायचं. पंधरा वर्षांच्या मुलाला हे शिकवून बघा. आमच्याकडचा प्रत्येक पोरगा दुसऱ्या पासनंतर आत धावतो आणि स्वतःच्याच टीमची जागा बुजवतो.

आता २०२३. फिलिपिन्स, जपान आणि इंडोनेशिया असा तीन देशांत मिळून झालेला वर्ल्ड कप, ३२ संघ. अमेरिकेचे बाराही जण एनबीएचे, कोच स्टीव्ह कर. पण आधीच्या, म्हणजे टोकियो ऑलिंपिकच्या संघातला एकही खेळाडू त्यात नव्हता. काही आठवड्यांच्या शिबिरात एकत्र आलेली ही टीम. दुसऱ्या फेरीत त्यांना लिथुआनिया भेटला. लिथुआनियाने थ्री पॉइंटचे पहिले नऊ शॉट मारले आणि नऊच्या नऊ आत घातले. निकाल ११०-१०४. त्या वेळी एनबीएत खेळणारा त्यांच्याकडे एकटा योनास वालांच्युनास होता. लिथुआनियाची लोकसंख्या तीस लाखांच्या आत आहे. आपल्या सोलापूर जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत ४३ लाखांच्या वर होती. हा आकडा मी पोरांना मुद्दाम सांगतो, कारण "आपल्याकडे माणसंच नाहीत" हे वाक्य मला दर हंगामात एकदा तरी ऐकावं लागतं.

मग उपांत्य फेरीत जर्मनी, ११३-१११. तो शुक्रवार मला चांगला आठवतो. पावसाने सिमेंटचं ग्राउंड ओलं, सराव बंद, बॉल ठेवायच्या खोलीत एका मोबाइलभोवती आम्ही सहा-सात जण. पोरांना अमेरिकेच्या अँथनी एडवर्ड्सचं नाव पाठ होतं. जर्मनीचा अँड्रेयास ओब्स्ट कोण, हे एकालाही माहीत नव्हतं. म्युनिकच्या क्लबकडून खेळणारा हा माणूस ड्रिबल जवळजवळ करतच नाही. तो फक्त पळतो, स्क्रीनच्या मागून बाहेर येतो आणि बॉल हातात पडेपर्यंत त्याचे पाय रिंगच्या दिशेने लागलेले असतात. २४ पॉइंट. पहिल्या हाफमध्ये एक पोरगा म्हणाला, "हा तर काहीच करत नाही बे." चौथ्या क्वार्टरला तोच पोरगा फक्त ओब्स्टकडे बघत होता, बॉल कुठे आहे याचं त्याला भानच नव्हतं. अमेरिका पुढे तिसऱ्या क्रमांकाचा सामनाही कॅनडाविरुद्ध जादा वेळेत हरली, ११८-१२७. तुमच्या प्रश्नातला चौथा नंबर तो हा.

जर्मनीची गोष्ट मात्र ओब्स्टपुरती नाही. त्यांचे तेव्हाचे कोच गॉर्डन हर्बर्ट मूळचे कॅनडाचे. त्यांनी २०२१ मध्ये सूत्रं घेतल्यावर खेळाडूंकडून तीन उन्हाळ्यांचा शब्द मागितला होता. येणार असाल तर तिन्ही वर्षं या. २०२२ च्या युरोपियन स्पर्धेत ब्राँझ, २०२३ ला एकही सामना न हरता जगज्जेतेपद, अंतिम सामन्यात सर्बियाविरुद्ध ८३-७७. आणि त्याच स्पर्धेतला उपांत्यपूर्व सामना आठवा, लाटव्हियाविरुद्धचा. जर्मनीचा कप्तान डेनिस श्रोडर त्या दिवशी २६ शॉट मारून फक्त ४ घालू शकला. चार! आपल्याकडे असा दिवस कोणाचा निघाला की बाकावरून आवाज येतात, पालक रेघेजवळ येऊन उभे राहतात, टीममधलेच त्याला पास द्यायचं बंद करतात. जर्मनीने तो सामना दोन पॉइंटने काढला, ८१-७९, आणि लाटव्हियाचा शेवटचा शॉट रिंगवरून बाहेर आला. नशीब होतंच. पण श्रोडरला कोणी वाळीत टाकलं नाही, आणि चार दिवसांनी अंतिम सामन्यात त्याने २८ पॉइंट केले, स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. पुढे २०२५ ला जर्मनी युरोपचाही विजेता झाला, तेव्हाही बरेचसे चेहरे तेच होते.

उगाच अमेरिकेला कमी लेखू नका, हेही मुलाला सांगा. २००८ पासून ऑलिंपिकची पाचही सुवर्णपदकं त्यांचीच आहेत. ऑलिंपिकला त्यांचे मोठे खेळाडू येतात, वर्ल्ड कपला बरेचदा येत नाहीत. पण पॅरिसला २०२४ मध्ये लेब्रॉन जेम्स, केव्हिन ड्युरँट, स्टीफन करी असे तिघेही असताना उपांत्य सामन्यात सर्बियाने त्यांना १७ पॉइंटने मागे टाकलं होतं. करीने ३६ पॉइंट केले तेव्हा कुठे ९५-९१ अशी सुटका झाली.

पॅरिसवरूनच दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते पोरांनी शिकावा असा सगळ्यात मोठा. आपल्या शाळांचे सामने बहुतेक बाद पद्धतीचे. हरला की घरी. त्यामुळे पोरांच्या डोक्यात एकच हिशेब असतो, जिंकलो का हरलो. पंधरा पॉइंटने पुढे असले की शेवटचं मिनिट ते बॉल टप टप करत काढतात. पंधराने मागे असले की हात कमरेवर. देशांच्या स्पर्धांत गट असतात, आणि गटात किती पॉइंटने जिंकलात किंवा हरलात यावर तुमचं परतीचं तिकीट ठरतं.

हे मी ग्राउंडवरच शिकवतो. फ्री थ्रोच्या रेघेशेजारी सिमेंटवर खडूने तक्ता काढतो. पॅरिसचा अ गट: कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ग्रीस, स्पेन. कॅनडाने तिघांनाही हरवलं, त्यांना बाजूला ठेवा. उरलेल्या तिघांचे आपसांतले सामने असे. ऑस्ट्रेलियाने स्पेनला ९२-८० हरवलं. स्पेनने ग्रीसला ८४-७७. ग्रीसने ऑस्ट्रेलियाला ७७-७१. प्रत्येकाचा एक विजय. आता या तिघांचं कोण पुढे? मग फक्त या तीन सामन्यांतला पॉइंटांचा फरक धरायचा. ऑस्ट्रेलिया अधिक १२, उणे ६, म्हणजे अधिक ६. ग्रीस अधिक ६, उणे ७, म्हणजे उणे १. स्पेन अधिक ७, उणे १२, म्हणजे उणे ५. ऑस्ट्रेलिया दुसरा, ग्रीस तिसरा, स्पेन चौथा आणि घरी. तीन गटांतल्या तिसऱ्या क्रमांकांपैकी दोघे पुढे जाणार होते. कॅनडाचा सामना धरून ग्रीसचा एकूण फरक उणे ८, ब्राझीलचा उणे ७, दक्षिण सुदानचा उणे १७. ब्राझील आणि ग्रीस पुढे.

इथपर्यंत पोरं ऐकतात. मग मी विचारतो, स्पेनने ग्रीसला हरवलं त्या सामन्याच्या शेवटी स्पेनने आणखी एक थ्री घातला असता तर? ८७-७७. खडू त्यांच्या हातात देतो. स्पेनचा फरक होतो उणे २, ग्रीसचा उणे ४. स्पेन तिसरा, ग्रीस चौथा. एकूण फरकात स्पेन उणे ५, म्हणजे ब्राझीलपेक्षाही वर. जिंकलेल्या सामन्यातला एक जास्तीचा शॉट, आणि घरी गेला असता ग्रीस. मागच्या खेपेला हा हिशेब नववीतल्या एका मुलाने सगळ्यात आधी सोडवला. तो आमच्याकडे बाकावर बसणारा पोरगा. त्या दिवसापासून त्याला मी टेबलावर माझ्या शेजारी बसवतो, आणि फरकाचा आकडा तोच मला कानात सांगतो.

दक्षिण सुदानचं नाव आलंच आहे तर थोडं थांबतो. २०११ मध्ये जन्मलेला देश. २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये आफ्रिकेतला सर्वोत्तम ठरून ऑलिंपिकला आला. देशात एकही इनडोअर कोर्ट नाही, असं त्या संघाच्याच लोकांनी सांगितलं होतं. पॅरिसच्या आधी लंडनला अमेरिकेविरुद्धचा सराव सामना ते १००-१०१ असा एका पॉइंटने हरले. आपल्या ग्राउंडवर नेट फाटलंय, बोर्ड हलतोय म्हणून रोज तक्रार करणाऱ्या मोठ्या मुलांना मी हा स्कोअर सांगतो. (तक्रार खरी आहे. नेट मी दोनदा स्वतःच्या खिशातून आणलंय.)

तुम्ही शेवटी एका ओळीत उंचीचं विचारलंत, मुलगा पाच फूट पाच इंचांवर अडकलाय म्हणून. पंधराव्या वर्षी "अडकलाय" म्हणू नका, अजून वेळ आहे. पण नाहीच वाढला तर जपानचा युकी कावामुरा दाखवा. १७२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट आठ इंचांच्या आत-बाहेर. २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये फिनलंडविरुद्ध जपान १८ पॉइंटने मागे होता. तो सामना जपानने जिंकला आणि कावामुराने २५ पॉइंट केले. पॅरिसला यजमान फ्रान्सविरुद्ध, सात फूट चार इंचांचा व्हिक्टर वेम्बान्यामा समोर असताना, २९. जपान तो सामना जादा वेळेत ९०-९४ हरला, पण बघावा असा सामना आहे.

भारताबद्दल लांबण लावत नाही. पुरुषांचा आपला संघ ऑलिंपिकला एकदाच गेला, १९८० ला मॉस्कोला, तेही अनेक देशांचा बहिष्कार होता तेव्हा. बारा संघांत बारावा आला. वर्ल्ड कपला आजवर पात्र झालेला नाही. २०१४ ला वुहानमध्ये आशिया चषकात चीनला त्यांच्याच घरी ६५-५८ हरवलं, तो दिवस आमच्यासारख्यांनी पेढे वाटून काढला. २०२५ च्या जेद्दाच्या आशिया चषकात तिन्ही सामने गेले, पण त्यातला जॉर्डनविरुद्धचा जादा वेळेपर्यंत ताणला होता. तो सामना मुलाबरोबर जरूर बघा. आपले खेळाडू कुठे चांगले आहेत आणि शेवटच्या पाच मिनिटांत कुठे थकतात, दोन्ही दिसतं.

बघायचं कसं, हे महत्त्वाचं. क्लिपेत बॉल आणि बॉलवाला एवढंच असतं. पूर्ण सामना लावा, जर्मनी-अमेरिका २०२३ पासून सुरुवात करा. पहिल्या क्वार्टरला त्याला सांगा, बॉलकडे बघायचं नाही. एकच खेळाडू पकड, बॉलपासून सगळ्यात लांब असलेला, आणि दहा मिनिटं त्याच्याच पायांकडे बघ. दुसऱ्या क्वार्टरला वहीत फाऊल लिहायला लावा, कोणाचा कितवा, म्हणजे दोन फाऊल झालेल्या माणसाला कोच बाहेर का काढतो ते कळेल. हाफ टाइमला जेवण. तिसरा क्वार्टर त्याला मोकळेपणी बघू द्या, पोरगा आहे. चौथ्यात प्रत्येक टाइमआउटच्या आधी थांबवून विचारा, आता तू कोच असतास तर काय केलं असतंस? चुकलं तरी चालेल. माझंही निम्म्या वेळा चुकतं.

आणि क्लिपा पूर्ण बंद करू नका, तसं केलंत तर तो चोरून बघेल. फक्त त्यातलं स्टेपबॅक, म्हणजे मागे पाऊल टाकून मारायचा शॉट, शाळेच्या सामन्यात करायच्या आधी सरांना दाखवायला सांगा. बॉल हातात घेतल्यावर एक पाऊल जास्त पडलं की रेफ्री ट्रॅव्हलिंग देतो, आणि आमच्याकडचे रेफ्री त्या बाबतीत फार कडक आहेत.

रविवारी त्याला घेऊन आमच्या ग्राउंडवर आलात तर खडूचा तक्ता मी पुन्हा काढीन. सकाळी सहाला या. उन्हाळ्यात आमचं साडेआठला बंद होतं, त्यानंतर सिमेंटवर पडलेला बॉल हातात धरवत नाही. दोन लिटरची बाटली पाठवा, आमच्या नळाला पाणी एक दिवसाआड असतं.